पार्किंग लाइट कधी लावायची?

हेडलाइटच्या स्विचची पहिली खूण म्हणजे पार्किंग लाइट: पुढे मंद पांढरे दिवे, मागे लाल. रस्ता उजळणं हे त्यांचं काम नाही. अंधाऱ्या रस्त्याच्या कडेला गाडी उभी असताना ती इतरांना दिसावी, एवढ्यासाठीच ते असतात. म्हणून संध्याकाळी नुसत्या पार्किंग लाइटवर गाडी चालवू नका. लोक सर्रास चालवतात आणि ते खरंच धोक्याचं आहे. गाडी बंद पडली असेल तर मात्र हॅझर्डच (सगळे इंडिकेटर एकदम लुकलुकतात ते) लावा.

बॅटरीकडेही लक्ष असू द्या. साधे बल्ब साधारण 5 वॅटचे. चार मिळून 12 व्होल्टच्या बॅटरीतून दीडेक अँपिअर खेचतात. तासाभराने फरक पडत नाही, पण रात्रभर राहिले आणि बॅटरी जुनी असली, तर सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो.