साउथ डकोटाला विमानाने जायचंय? मग प्लॅन शेवटच्या फ्लाइटपासून उलटा करा

अमेरिकेला जायचं म्हटलं की आपण आधी मुंबईहून स्वस्त तिकीट कुठलं ते बघत बसतो, पुढचं पुढे. न्यूयॉर्क-शिकागोला हे चालून जातं. पण साउथ डकोटा म्हणजे मैलोनमैल गवत, गुरं, मका आणि सोयाबीन, आणि तिथं सगळं अडतं ते शेवटच्या छोट्या फ्लाइटपाशी. म्हणून ती आधी ठरवायची आणि तिथून मागे मागे मुंबईपर्यंत यायचं.

पहिलं काम, उतरायचं कुठं ते नक्की करा. कामाचे एअरपोर्ट दोनच धरा, पूर्वेला सू फॉल्स आणि पश्चिमेला रॅपिड सिटी. एकाच राज्यात आहेत म्हणून फसू नका, मध्ये साधारण साडेपाचशे किलोमीटर आहेत आणि ट्रेन नाहीच, अ‍ॅमट्रॅक, म्हणजे अमेरिकेची प्रवासी रेल्वे, या राज्यात येतच नाही. माउंट रशमोर, बॅडलँड्स, कस्टर स्टेट पार्क बघायचं असेल तर रॅपिड सिटी. मुलगा किंवा मुलगी ब्रूकिंग्सच्या युनिव्हर्सिटीत शिकत असेल तर सू फॉल्स. सू फॉल्सचं भाडं फारच चढलेलं दिसलं तर नेब्रास्कातलं ओमाहा बघा, तिथून कारने तीन तासांच्या आत पोचता. रॅपिड सिटीला मात्र असा जवळचा पर्याय नाही, डेन्व्हरहून गाडी काढली तरी सहा तास जातात.

मग कनेक्शन. रॅपिड सिटीला डेन्व्हर, मिनियापोलिस, शिकागो, डॅलस इथून फ्लाइट्स येतात. मुंबई-अ‍ॅमस्टरडॅम-मिनियापोलिस-रॅपिड सिटी हा रूट मला सरळ वाटतो. काहीही निवडा, पण सगळं एकाच तिकिटावर घ्या, कारण मधली फ्लाइट लेट झाली तर पुढची सोय एअरलाइनला करावी लागते, वेगवेगळी तिकिटं असली की तुमचं तुम्ही बघा. लास वेगासहून वगैरे स्वस्त एअरलाइनच्या फ्लाइट दिसतील, त्या आठवड्यातून काही दिवसच असतात, एक रद्द झाली की पुढची कधी ते कॅलेंडरमध्ये शोधायचं. आईबाबा पहिल्यांदा येत असतील तर त्या नकोतच.

अमेरिकेतल्या पहिल्या एअरपोर्टवर इमिग्रेशन होतं आणि मुंबईत टॅग शेवटपर्यंतचा लावला असला तरी बॅगा तिथं उचलून पुन्हा द्याव्या लागतात, तेव्हा तिथं किमान तीन तास ठेवा. अबू धाबीहून गेलात तर हे सोपस्कार तिकडेच उरकतात, ज्येष्ठांना बरं पडतं. आणि दिवसातली शेवटची फ्लाइट घेऊ नका हो! ती चुकली की रात्र एअरपोर्टवरच्या खुर्चीत. उन्हाळ्यात डेन्व्हरकडे दुपारनंतर वादळं उठतात, तेव्हा तिथून जाणार असाल तर सकाळची बघा.

तारखा जून ते सप्टेंबरमधल्या धरा, पण ऑगस्टची सुरुवात सोडून. तेव्हा रॅपिड सिटीजवळच्या स्टर्जिसला मोटरसायकलवाल्यांची मोठी जत्रा भरते, १९३८ पासून चालू आहे, त्या दिवसांत हॉटेल आणि भाड्याची कार दोन्हींचे भाव ऐकवत नाहीत. सप्टेंबरच्या शेवटी कस्टर पार्कमध्ये बायसनचे कळप हाकतात, ते जमलं तर जरूर बघा. थंडीत जायचं धाडस नको, बर्फाचं वादळ आलं की हायवेसुद्धा गेट लावून बंद करतात. हवेचा लहरीपणा तर काय सांगावा, याच भागातल्या स्पीअरफिशला २२ जानेवारी १९४३ ला दोन मिनिटांत तापमान उणे २० वरून अधिक ७ सेल्सिअसवर गेल्याची नोंद आहे. उन्हाळ्यातही जाकीट न्याच.

तिकीट कन्फर्म करायच्या आधी कार मिळतेय का बघा, हे उलटं वाटेल पण छोट्या एअरपोर्टवर गाड्या मोजक्या असतात आणि काउंटर रात्री बंद होतं, तेव्हा फ्लाइट किती वाजता पोचते आणि काउंटर कधीपर्यंत उघडं आहे हे जुळवून घ्या. क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. आरटीओमधून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, मूळ लायसन्सही सोबत हवंच. एका शहरात घेऊन दुसरीकडे सोडली तर जादा चार्ज लागतो, तो आधी विचारा. इंटरस्टेटवर (राज्याराज्यांना जोडणारे मोठे हायवे) वेगाचं लिमिट ताशी ८० मैल, म्हणजे १२९ किलोमीटर, रस्ता सरळसोट आणि रिकामा त्यामुळे झोप येते, आणि संध्याकाळी हरणं आडवी येतात. नकाशे ऑफलाइन डाउनलोड करा, रेंज जाते. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरून घ्या.

घड्याळाचं एक लक्षात ठेवा, राज्याच्या मधून टाइम झोन बदलतो. सू फॉल्सला १० वाजले की रॅपिड सिटीला ९. त्यामुळे पूर्वेकडे फ्लाइट पकडायला गाडीने निघालात तर एक तास हातचा जातो.

शेवटचं विमान बहुतेक वेळा छोटं असतं, केबिन बॅगसुद्धा दारातच काढून घेतात आणि उतरल्यावर देतात. औषधं, पासपोर्ट, चार्जर खांद्यावरच्या छोट्या पिशवीत ठेवा. शाकाहारी असाल तर चिवडा, चकल्या, मेतकूट बरोबर घ्या, गावागावात बर्गर आणि स्टेकच आहे. मांस, ताजी फळं आणि बिया मात्र नकोत, आणि जे खायचं नेताय ते कस्टम्सला सांगून टाका.

परतीची सकाळची फ्लाइट असेल तर आदल्या रात्रीच रॅपिड सिटीत टाकी फुल करा, एअरपोर्ट गावाबाहेर आहे आणि पहाटे पंप शोधत फिरण्यात अर्थ नाही.