जून ते ऑक्टोबर : कॅटलिया ऑर्किडची निगा

कॅटलियाचे मूळ घर म्हणजे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या झाडांच्या फांद्या आणि उघडे खडक. पाऊस तिथेही भरपूर पडतो, पण तो थांबला की वाऱ्याने मुळे लवकर सुकतात. मुळांवरचे पांढरे, स्पंजासारखे आवरण पाणी झटकन शोषते आणि सुकले की त्यात हवा शिरते. कोकणात जुलैमध्ये कुंडी आठवडा-आठवडा ओलीच राहते. मूळ गुदमरते आणि मागोमाग बुरशी येते. आपली सीतेची वेणी ही ऑर्किड आंब्यावर चार महिने भिजूनही टवटवीत असते, कारण तिची मुळे मोकळ्या हवेत असतात. तीच कुंडीत कोंबली तर तीही कुजेल.

म्हणून पहिल्या जोरदार सरीआधी ५० टक्के शेडनेटवर, म्हणजे अर्धे ऊन अडवणाऱ्या जाळीवर, प्लास्टिकचे छप्पर घ्या, चारही बाजू मात्र उघड्या ठेवा. कुंड्या जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच मांडा, दोन कुंड्यांत वीतभर अंतर हवे. कुंडीतले भरण २ ते ३ सेंमीच्या लाकडी कोळशाचे आणि विटांच्या तुकड्यांचे, निम्मे-निम्मे. घाटमाथ्याच्या पूर्वेला, जिथे हवा कोरडी, तिथे नारळाच्या सोडणाचे तुकडे एक भाग मिसळायला हरकत नाही. ते आधी तीन दिवस पाणी बदलत भिजवा. कोकोपीट कुठेच नको.

जात ओळखून जागा द्या. कॅटलिया लॅबिआटा ईशान्य ब्राझीलच्या डोंगराळ, दमट जंगलातली. छपराखाली आपल्याकडे चांगली रुळते आणि पावसाळ्याच्या शेवटी फुलते. कोलंबियाचे राष्ट्रीय फूल असलेली ट्रियाने हिवाळ्यात फुलते, व्हेनेझुएलाची मोसिए वसंतात. वॉकेरियाना ब्राझीलच्या सेराडो प्रदेशात झाडांवर आणि खडकांवर वाढते, तिथला हिवाळा कोरडा असतो. तिला कुंडी देऊच नका, लाकडाच्या फळीवर बांधा. कॉक्सिनिया आग्नेय ब्राझीलच्या थंड, धुक्याच्या डोंगरावरची. तिच्या लालभडक फुलाला भुलून सखल भागातल्या कोणी ती घेऊ नये, उन्हाळ्यात टिकत नाही.

कुंडी कधी बदलायची हे तिथी-महिना पाहून ठरवू नका, मुळे पाहून ठरवा. नव्या कोंबाच्या बुडाशी हिरव्या टोकाची मुळे सेंटीमीटरभर आली की तीच वेळ. मुळे त्याहून लांब झाली तर हाताळताना मोडतात. दर कंदाला (फुगीर खोडाला) दोन पाने येणाऱ्या जातींत, उदाहरणार्थ इंटरमीडिया, ही वेळ चुकली तर झाड वर्षभर सुकत राहते, कधी दगावतेही. विभागणी करताना प्रत्येक भागाला तीन-चार कंद ठेवा. जुना कंद कुंडीच्या कडेला, कोंबापुढे दोन वर्षांच्या वाढीची जागा, कंदांना जोडणारे आडवे खोड भरणाच्या वर, आणि झाड काठीला घट्ट बांधलेले. हलणाऱ्या झाडाची नवी मुळे घासून मरतात. दर झाडागणिक कापायचे पाते ज्योतीवर तापवा. ऑर्किडचे विषाणू पात्यावरूनही पसरतात आणि त्यांवर औषध नाही.

कोंब बुडाकडून काळा, पाणचट झाला तर ती काळी कूज. ती आडव्या खोडातून काही दिवसांत पुढच्या कंदांत उतरते, त्यामुळे थांबू नका. निरोगी भाग दिसेपर्यंत आणि त्यापुढे २ सेंमी कापा, झाड वेगळे ठेवा, तीन-चार दिवस पाणी बंद. फोसेटिल एएल हे बुरशीनाशक २ ग्रॅम प्रति लिटर फवारा. वेष्टनावरच्या सूचना पाळा. भाग सडून दुर्गंधी आली तर तो जिवाणू, तिथे हे औषध चालत नाही, कापणे हाच उपाय.

फुलाच्या म्यानात, म्हणजे कळीभोवतीच्या आवरणात, पाणी साचून आतली कळी काळी पडते. म्यान उजेडासमोर धरून पाहा, आत थेंब दिसले तर वरचे टोक कापून द्या. शंखी आणि गोगलगाई रात्री मुळांची टोके खातात. टॉर्च घेऊन वेचणे सर्वांत खात्रीचे. कंदावरचे सुकलेले पापुद्रे सोला, खवले कीड त्यांच्याखालीच लपते.

छपराखालच्या झाडांना बोट घालून भरण कोरडे लागले तरच, सकाळी, पाणी द्या. १९:१९:१९ हे विद्राव्य खत अर्धा ग्रॅम प्रति लिटर, दहा दिवसांतून एकदा. त्यानंतरचे पाणी साधे आणि भरपूर, म्हणजे क्षार धुऊन जातात.

ऑक्टोबरात ढग एकदम हटतात आणि पावसाळ्यात वाढलेली कोवळी पाने करपतात. तेव्हा पंधरा दिवस जाळीचा दुसरा थर लावा, मग हळूहळू काढा. पान गर्द हिरवे असेल तर उजेड कमी पडतोय, पोपटी असेल तर बरोबर आहे.