बॅकअप 'सक्सेस' आहे म्हणजे नक्की काय आहे?

सिस्टीम ॲडमिनची पहिली नोकरी. पुण्यातलं पंचवीसेक पीसींचं ऑफिस, कोपऱ्यात चार डिस्कचा नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारा स्टोरेजचा डबा), रात्री ११ ला सगळ्यांचा बॅकअप त्यावर जायचा आणि सकाळी मेल यायचा, 'सक्सेस'. मी चहा पिता पिता तो मेल बघायचो आणि पुढच्या कामाला लागायचो, सात महिने हेच.

मग एक दिवस अकाउंट्सच्या मॅडमचा पीसी गेला, एसएसडी डिटेक्टच होईना. म्हटलं टेन्शन नका घेऊ मॅडम, कालचा बॅकअप आहे. रिस्टोर मारला तर टॅलीचा डेटा चार महिन्यांपूर्वीचा! झालं असं की मधे कोणीतरी डेटा सी ड्राइव्हवरून डी वर हलवला होता आणि बॅकअप बिचारा रोज इमानदारीत सी वरचंच जुनं फोल्डर घेत बसलेला, मग एरर कसली येणार. (कोणीतरी म्हणजे मीच, नंतर आठवलं.) मॅडमनी स्वतःच्या पेनड्राइव्हवर कॉपी ठेवलेली म्हणून वाचलो, तरी आठ दिवसांच्या एन्ट्र्या त्यांना परत माराव्या लागल्याच.

तेव्हापासून मी मेलमधे आधी साइझ बघतो. रोज वापरातल्या फोल्डरचा बॅकअप महिनाभर एक एमबीने पण हलला नाही तर काहीतरी गंडलंय.

नॅसच्या डिस्कची तब्येत वेगळी बघायची. स्मार्ट रिपोर्टमधे (डिस्क स्वतःच्या तब्येतीचा देते तो) रीॲलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले भाग) आणि करंट पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न आलेले, संशयातले भाग) हे दोन आकडे, तेही रॉ व्हॅल्यूच्या कॉलममधले, शून्यावरून वाढायला लागले की नवीन डिस्क मागवायची, साहेब 'चालतीये ना अजून' म्हणाले तरी. नॅसवर बीटीआरएफएस किंवा झेडएफएस ही फाइल सिस्टीम असेल तर महिन्यातून एकदा स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) लावा, शनिवारी रात्री, कारण नॅस स्लो होतो. पण स्क्रब एवढंच सांगतो की जे लिहिलं होतं ते तसंच आहे, आमचं चुकीचं फोल्डर त्याने पण छान पास केलं असतं.

रेस्टिक हे बॅकअपचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर नुसती चेक कमांड मारून खूश होऊ नका, ती फक्त बॅकअपची रचना तपासते, खरा डेटा वाचायला तिला रीड-डेटा हा ऑप्शन लावावा लागतो. नेटवर्कवरून सगळं वाचायला फार वेळ जातो म्हणून सबसेटचा ऑप्शन देऊन मी दर आठवड्याला दहावा हिस्सा वाचतो.

आणि हे फक्त आपल्यासारख्या नवशिक्यांचंच होतं असं पण नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमधे (प्रोग्रामर लोकांचा कोड ठेवणारी साइट) चुकून चालू डेटाबेसची डिरेक्टरी उडवली गेली. रोजचा डंप (डेटाबेसची पूर्ण कॉपी) बघायला गेले तर डंप घेणाऱ्या टूलचं आणि डेटाबेसचं व्हर्जन जुळत नसल्यामुळे तो फेल होत होता, आणि फेल झाल्याचे मेल पण रिजेक्ट होत होते. शेवटी कामी आला तो आधी हाताने घेतलेला सहा तासांपूर्वीचा स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाची प्रत)!

म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी कुठलाही एक पीसी निवडतो, त्याचा बॅकअप भलत्याच मशीनवर रिस्टोर करतो आणि मॅडमना बोलावून विचारतो, कालची शेवटची एन्ट्री दिसतीये का. भलतंच मशीन मुद्दाम, कारण पहिल्याच वेळी कळलं की बॅकअपचा पासवर्ड ज्या पीसीचा बॅकअप त्याच पीसीच्या डेस्कटॉपवर नोटपॅडमधे ठेवलेला होता.