नगरपालिकेत कोणत्या वारी जावं

कागदोपत्री ती नगरपरिषद आहे, पण आमच्या गावात तिला नगरपालिकाच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते. तिथल्या आवक-जावकच्या टेबलावर माझी 30 वर्षं गेली. 1993 च्या नोव्हेंबरात नवऱ्याच्या जागी अनुकंपावर लागले. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. 2024 ला निवृत्त झाले. आता भाजीवालीपासून भाचेसुनेपर्यंत सगळ्यांचं एकच, "बाई, तीन चकरा झाल्या, काम होईना." मी आधी विचारते, "गेलतात कोणत्या वारी?"

सरकारी कार्यालयांना 2020 च्या फेब्रुवारीअखेर पाच दिवसांचा आठवडा लागला. तेव्हापासून दारावर पाटी आहे, सोमवार ते शुक्रवार, पावणेदहा ते सव्वासहा. पाटी खोटी नाही. पण ज्याच्याकडं तुमचं काम आहे तो माणूस त्या वेळेत खुर्चीत असतोच असं नाही, आणि दरवेळी तो चहालाच गेलेला असतो असंही नाही. आठवड्यातला कोणता दिवस कशात जातो हे ठरलेलं असतं. आमचा बाजार गुरुवारी. तुमच्या गावचा दुसऱ्या वारी असेल तर पुढचा हिशोब तेवढा सरकवून घ्या.

वार कोणताही असो, पहिलं काम आवकच्या खिडकीत. अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची. पोच म्हणजे जांभळ्या शाईचा चौकोनी शिक्का, त्यात आवक क्रमांक, तारीख आणि लिपिकाची सही. तिन्ही बघून घ्या. गर्दीच्या दिवशी लिपिक नुसता शिक्का मारून म्हणतो, "नंबर नंतर टाकतो." मी स्वतः हे केलंय, म्हणून सांगते, नंतर कुणी टाकत नसतं. रजिस्टरला चढला नाही तो कागद कार्यालयात आलाच नाही, असं धरलं जातं. एका म्हाताऱ्या मामांनी नळ नावावर करायचा अर्ज व्हरांड्यात भेटलेल्या साहेबांच्या हातात दिला होता. साहेबांनी तो प्रेमानं घेतला आणि गाडीच्या डिक्कीत ठेवला. महिनाभरात साहेबांची बदली झाली. मामा वर्षभर येत राहिले, आणि मी दरवेळी रजिस्टर उलगडून त्यांना दाखवत राहिले, की मामा, यात तुमचं नावच नाही.

सोमवार हा नवख्या माणसाचा दिवस. दोन दिवसांची सुट्टी संपली की सगळं गाव दारात. सकाळी मुख्याधिकारी, म्हणजे नगरपालिकेचे मोठे साहेब, विभागप्रमुखांची बैठक घेतात, त्यात पाणी, सफाई, वसुली सगळ्यांना उभं केलं जातं. बारापर्यंत एकही अभियंता, निरीक्षक टेबलावर सापडत नाही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याच्या ठिकाणी लोकांच्या तक्रारी ऐकायचा लोकशाही दिन असतो, त्या दिवशी मोठे साहेब गावातच नसतात. सोमवारी अर्ज टाकायला या, पोच घ्या आणि घरी जा. भेटायला येऊ नका.

पाण्याची तक्रार घेऊन नगरपालिकेत यायच्या आधी शेजारी विचारा. सगळ्या गल्लीला पाणी नसेल तर दोष वर आहे, टाकीत किंवा लाईनीत. शेजाऱ्याला येतं आणि तुम्हालाच येत नसेल तर बहुतेक तुमचं फेरूल चोंदलंय. मोठ्या पाइपातून तुमचा नळ जिथून निघतो तिथला तो पितळी तुकडा. तो साफ करायचा तर रस्ता खोदावा लागतो. त्याचा अर्ज वेगळा आणि पैसे वेगळे. हे माहीत नसल्यानं लोक पाणीपुरवठ्याच्या साहेबांशी तासभर भांडतात आणि शेवटी फेरूलचा अर्ज लिहायला माझ्याकडं यायचे.

आमच्याकडं आठव्या दिवशी पाणी. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, त्या साली आमची पाळी पंधरा दिवसांवर गेली होती. पाळी म्हणजे नेमकं काय ते एकदा पहाटे टाकीवर जाऊन बघा. वालमन खांद्यावर लोखंडी चावी घेऊन येतो, माणसाच्या छातीएवढी उंच, वर आडवा दांडा. चेंबरचं झाकण पायानं सरकवतो, चावी आत बसवतो आणि आटे मोजत फिरवतो. आमच्या एका वालमनला प्रत्येक गल्लीचे आटे पाठ होते. मारुतीच्या गल्लीला साडेअकरा, वरच्या वस्तीला पूर्ण. एक आटा कमी-जास्त झाला की खालच्या आळीत पाणी रस्त्यावर आणि वरच्या वस्तीत नळाला नुसती हवा. हा हिशोब कुठल्याही फायलीत नव्हता. तो निवृत्त झाला तेव्हा नवा पोरगा दोन महिने शिव्या खात होता.

धरणावरच्या पंपाची वीज चार तास गेली की टाकी भरत नाही, आणि त्या दिवशीची पाळी दुसऱ्या दिवशी ढकलली जाते. तिच्यामागं सगळ्या पाळ्या सरकतात. म्हणून "पाणी कधी येणार" हे कार्यालयात विचारू नका, टाकीवर विचारा. पाणी गढूळ आलं तर मात्र कार्यालयातच या, आणि नळावर ओटी टेस्ट करून मागा. छोट्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकतात. पिवळं झालं तर क्लोरीन आहे. शेवटच्या नळालाही लिटरमागं किमान 0.2 मिलीग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. रंगच आला नाही तर तिथंच तसं लिहून घ्या, सही घ्या. ती सही असली की वर कुणाला समजावत बसावं लागत नाही.

अर्ज कसा लिहावा, तर असा:

"प्रति, मुख्याधिकारी. विषय: मारुती मंदिरामागील गल्लीत 4 घरांना पाणी न येणेबाबत. दि. 3 व दि. 11 रोजी पाळी असताना शेजारच्या गल्लीत पाणी आले, आमच्या 4 घरांना आले नाही. घर क्रमांक व नळजोडणी क्रमांक खाली दिले आहेत. कृपया लाईन तपासून द्यावी."

एवढं पुरे. खाली सह्या आणि मोबाईल नंबर. उपोषणाची धमकी पहिल्याच अर्जात घालू नये, ती वाया जाते. आणि "मोटार लावूनसुद्धा पाणी येत नाही" हे वाक्य तर चुकूनही लिहू नका. नळाला थेट मोटार लावायला बंदी आहे. एका गल्लीनं असा अर्ज दिला आणि आठ दिवसांत पथक येऊन मोटारी उचलून घेऊन गेलं.

जन्म-मृत्यूच्या टेबलाला मंगळवार-बुधवार बरा. गुरुवारी बाजाराला आलेली खेड्यापाड्यातली माणसं पिशव्यांसकट त्याच रांगेत उभी राहतात. पण रांगेत उभं राहायच्या आधी एक गोष्ट पक्की करा. नोंद घटना जिथं घडली तिथं होते, राहतो तिथं नाही. लेकरू लातूरच्या खासगी दवाखान्यात झालं तर दाखला लातूरला. सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर नोंद तिथंच झालीय का हे आधी दवाखान्यात विचारा. निम्म्या लोकांना मी एवढंच सांगून परत पाठवलंय.

21 दिवसांच्या आत नोंद फुकट. 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क. वर्षाच्या आत असेल तर वरिष्ठांची परवानगी लागते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि तो आता पूर्वीसारखा सहज मिळत नाही. लेकराचं नाव ठरलं नसेल तर घाई नको, बिननावाची नोंद करा, नाव नंतर 15 वर्षांच्या आत घालता येतं. पण 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेला हाच एक दाखला, त्यामुळं स्पेलिंगकडं डोळे फाडून बघा. चूक बहुतेक वेळा नगरपालिकेत होत नाही. रात्री दोनला दवाखान्यातली सिस्टर फॉर्म भरते, सांगायला बाळाचा मामा उभा असतो, आणि तो बहिणीचं माहेरचं नाव सांगून मोकळा होतो. पुढं आधारवर सासरचं नाव, दाखल्यावर माहेरचं. दवाखान्यातून सुट्टी व्हायच्या आधी तो फॉर्म आईला वाचून दाखवा. छापील दाखला दुरुस्त करण्यापेक्षा हे लई सोपं.

जुनी नोंद हवी असेल तर वेळ काढून या. रेकॉर्डरूममध्ये रुमालात बांधलेले निजामाच्या काळातले कागद आहेत, काही उर्दूत, काही मोडीत. 2023 ला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदी शोधायचं फर्मान सुटलं, तेव्हा कित्येक रुमाल पहिल्यांदा सुटले. काहींत वाळवीनं खाल्लेला भुगाच होता.

घरपट्टीसाठी वर्षभरात कधीही या, फक्त मार्चमध्ये नको. मार्चात सगळी नगरपालिका वसुलीला निघते, जन्म-मृत्यूचा लिपिकसुद्धा पावतीपुस्तक घेऊन दारोदार. थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते. 6,000 रुपये थकले तर महिन्याला 120, वर्षाला 1,440. लोक शास्ती माफ होईल म्हणून वाट बघतात. कधी सवलत निघते, कधी नाही, पण नळ मात्र नक्की बंद होतो. दर चार वर्षांनी आकारणी नव्यानं होते, तेव्हा नोटीस आली की दिलेल्या मुदतीत हरकत लेखी द्या. एकदा मुदत गेली की मग वसुलीवाल्या पोरावर ओरडून काय उपयोग, कर त्यानं थोडीच बसवलाय.

घराला आपलं नाव लावायचं असेल तर आधी बाकी शून्य करा. खरेदीखत, इंडेक्स टू म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, आणि बेबाकी म्हणजे कर बाकी नसल्याचा दाखला. वारसाचं असेल तर मृत्यू दाखला, शपथपत्र आणि बाकीच्या वारसांची संमती. आणि नमुना 43 च्या उताऱ्यावर नाव आलं म्हणजे घर आपलं झालं, असं समजून भावाभावांत पेढे वाटू नका. तो कर कोण भरतो याचा कागद आहे, मालकीचा नाही.

कचऱ्याची तक्रार सकाळी सहाला, सफाईवाल्यांच्या हजेरीच्या जागी, मुकादमाकडं. साडेसहानंतर माणसं पांगतात. गुरुवार रात्र ते शुक्रवार दुपार सगळी फौज बाजारतळावर असते, तहबाजारीवाला, म्हणजे बाजारात बसायचे पैसे घेणारा, पावत्या फाडून गेलेला असतो आणि मागं कोबीची पानं, गोणपाटं, कॅरीबॅगा. त्या वेळात तुमच्या नालीकडं कुणी येणार नाही, उगाच वाट बघू नका. आमची माणसं एकदा कोकणात वेंगुर्ल्याला अभ्यास दौऱ्याला गेली होती. एवढीशी नगरपरिषद, पण कचरा डेपोच्या जागेला त्यांनी बागेचं रूप दिलंय. ओला-सुका घरातूनच वेगळा, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात. परत आल्यावर पंधरा दिवस आमच्या घंटागाडीवर दोन रंगांचे कप्पे होते. मग मधली पत्री गंजली. खरं सांगायचं तर गाडीचा दोष कमी, आम्ही गावकरीच एका बादलीत सगळं टाकतो.

बांधकाम परवाना, गुंठेवारी (गुंठ्या-गुंठ्यानं विकलेले प्लॉट नियमित करणं), दिव्याचे खांब यांचे अभियंते सकाळी फिरतीवर असतात, दुपारी चारनंतर बसतात. तेवढं लक्षात ठेवलं तरी बास.

शुक्रवार सह्यांचा. लेखाविभाग बिलं वर पाठवतो, ठेकेदार बाकड्यावर रांगेनं बसलेले. तुमची फाईल बुधवारपर्यंत टिप्पणीसह, म्हणजे लिपिकानं आपलं म्हणणं लिहून, वर गेली असेल तर शुक्रवारी सही होते, नाहीतर पुढचा शुक्रवार. म्हणून बुधवारी दुपारी टेबलावर जाऊन शांतपणे विचारा, "साहेब, टिप्पणी झाली का?" "काम झालं का" विचारलं तर "होईल" हेच उत्तर येतं.

आणि झालंच नाही तर? भिंतीवर लोकसेवा हक्काचा फलक असतो, 2015 चा कायदा. कोणती सेवा किती दिवसांत ते त्यावर लिहिलेलं आहे, जन्माचा दाखला 3 दिवसांत. मुदत गेली की 30 दिवसांत पहिलं अपील, आवक क्रमांक घालून. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड, आणि तो त्याच्या खिशातून. त्यानंतरही हलेना तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात एवढंच मागा: "माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावरील टिप्पणीची प्रत." सगळ्या गावाचा हिशोब मागू नका, तो देताना तुमचा अर्ज खाली दबतो.

नगरसेवकाकडं कधी जावं? नाली, दिवा, खड्डा यासाठी जरूर. 2025 च्या डिसेंबरात निवडणुका होईपर्यंत कैक वर्षं प्रशासकच होते, त्यामुळं नवे लोक सध्या फोन उचलतात, फायदा घ्या. दाखल्यासाठी त्यांना मध्ये घालू नका. त्यांचा माणूस तोच फॉर्म घेऊन त्याच खिडकीत येतो, आणि चहाचे पैसे तुमच्याकडून घेतो.

शनिवार-रविवार कार्यालय बंद, पण अग्निशमन, सफाई आणि पाणी चालूच. पाइप फुटला तर सोमवारची वाट बघू नका, टाकीवर जा. वालमन तिथंच असतो. पहाटपाळीचा असेल तर दुपारी दोन ते चार झोपलेला असतो. तेव्हा उठवायचं झालं तर पाइप खरंच फुटलेला असावा, नुसता गळत नसावा.