जुन्या लॅपटॉपला रुंद मॉनिटर: आधी जुना ड्रायव्हर बाजूला काढा

येत्या रविवारी नौपाड्यात बहिणीकडे जाऊन तिच्या लॅपटॉपला नवा रुंद मॉनिटर जोडून द्यायचाय. लॅपटॉप २०१३ चा, तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, आत चित्र दाखवणारी चिप इंटेल एचडी ४०००, स्वतःचा पडदा १३६६ बाय ७६८. मॉनिटर एकोणतीस इंची, २५६० बाय १०८०. माझा जुना लॅपटॉप याचा चुलतभाऊच, कंपनी वेगळी पण चिप हीच. तेव्हा हेच काम मी ऐरोलीत घरी बसून केलं होतं आणि त्याची अशी माती केली की पुढचे दोन दिवस ऑफिसचं काम १०२४ बाय ७६८ च्या चौकोनात कोंबून केलं. म्हणून या वेळी तयारी लिहून काढतोय. तुमच्याही घरात असा एखादा म्हातारा लॅपटॉप असेल तर वाचा.

मॉनिटरचं खोकं उघडण्याच्याही आधी, आत्ता जो ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि त्या चिपमधला सॉफ्टवेअरचा दुभाषा, बरावाईट चालतोय तो पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. नवा डाउनलोड करण्याबद्दल मी बोलत नाहीये. जुना, चालू असलेला, तोच. आपल्याला वाटतं ड्रायव्हर काय, नेटवर कधीही मिळेल. मलाही वाटलं होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या सगळ्या भागांच्या यादीत, जाऊन मी ऐटीत अनइन्स्टॉल केलं, वर ड्रायव्हरच्या फाइलीही पुसून टाकायच्या त्या चौकटीत टिचकी मारली, ‘स्वच्छ सुरुवात’ म्हणून. स्क्रीन एकदा काळी झाली, परत आली ती विंडोजच्या कामचलाऊ ड्रायव्हरच्या, मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टरच्या, कृपेने. मोठा मॉनिटर तर अंधारातच. लॅपटॉप कंपनीच्या साइटवर गेलो तर माझं मॉडेलच यादीतून गेलेलं. इंटेलचा सर्वसाधारण इन्स्टॉलर उतरवला, तो म्हणाला हा ड्रायव्हर या कॉम्प्युटरसाठी तपासलेला नाही, कंपनीकडूनच घ्या. म्हणजे जिच्याकडे नाही तिच्याकडूनच.

शेवटी घणसोलीत राहणाऱ्या एका सहकाऱ्याकडे नेमकं तेच मॉडेल निघालं. मंगळवारी संध्याकाळी पेनड्राइव्ह खिशात टाकून ट्रान्स-हार्बर लोकलने गेलो आणि त्याच्या लॅपटॉपवरून ड्रायव्हर काढून आणला. ऐरोलीहून दोनच स्टेशनं, पण तो चहा मला अजून आठवतो. विनाकारण घेतलेला चहा.

उतरवून घ्यायला पाच मिनिटं लागतात. पेनड्राइव्हवर आधी एक रिकामं फोल्डर करा, कारण नसलेलं फोल्डर उतरवून घेणारी आज्ञा स्वतः करत नाही, नुसती चूक दाखवते. मग कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पीएनपीयूटिलला (pnputil, विंडोजमधलीच ड्रायव्हर हाताळणारी आज्ञा) एक्सपोर्ट-ड्रायव्हरचा (/export-driver) पर्याय द्या, पुढे चांदणी (*) म्हणजे सगळे ड्रायव्हर, आणि शेवटी त्या फोल्डरचा पत्ता. वायफाय, आवाज, टचपॅड, बाहेरून आलेलं सगळं त्यात येतं. येऊ दे. नंतर फोल्डर उघडून आत खरंच काही आलंय ना हे डोळ्यांनी पाहा. आणि हे लॅपटॉपच्याच डी ड्राइव्हवर ठेवून समाधान मानू नका, पेनड्राइव्हवरच न्या.

त्याच बैठकीत डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर उघडून त्याच्या ड्रायव्हर टॅबचा मोबाइलवर फोटो काढा. आवृत्तीचा चार तुकड्यांचा आकडा आणि तारीख त्यात यायला हवी. डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी निवडून त्याचाही एक फोटो. तिथे व्हीईएन नंतर ८०८६ असेल तर इंटेल, १०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ असेल तर एएमडी. दोन चिपा दिसल्या तर जरा थांबा. बऱ्याच लॅपटॉपांत एनव्हिडिया असली तरी एचडीएमआयचं भोक इंटेललाच जोडलेलं असतं. एनव्हिडियाचा ड्रायव्हर दहा वेळा बदललात तरी बाहेरच्या मॉनिटरला त्याची खबरही लागत नाही.

आता आकडे, कारण कित्येकदा ड्रायव्हरला उगाच शिव्या बसतात आणि दोष भोकाचा असतो. २५६० बाय १०८० चा पडदा सेकंदाला साठदा रंगवायचा तर, कडेची रिकामी जागा कमीत कमी धरूनही, पिक्सेल क्लॉक, म्हणजे केबलमधून ठिपके पाठवायचा वेग, सुमारे १८१ मेगाहर्ट्झ लागतो. जुन्या एचडीएमआयची हद्द १६५. एचडी ४००० ची एचडीएमआय २२५ पर्यंत जाते, म्हणजे बहिणीचं काम व्हायला हवं. तुमच्याकडे त्याहून जुनी, १६५ वाली चिप असेल तर साठचा हट्ट सोडा. पन्नासवर हाच पडदा दीडशेच्या आसपास बसतो, आणि अक्षरं वाचायला, हिशेब करायला पन्नास आणि साठमधला फरक कळतही नाही. पण कोणी चौतीस इंची ३४४० बाय १४४० आणून ठेवला असेल तर त्याला साठवर जवळपास ३२० लागतात. ते एचडी ४००० च्या एचडीएमआयमधून येणार नाही, कोणताही ड्रायव्हर घाला. तिथे डिस्प्लेपोर्ट असला तर बघा, नाहीतर मॉनिटर दुकानात परत करायची मुदत बघा.

आणि १९२० बाय १०८० वर ताणून ‘चालतंय की’ म्हणू नका. चित्र आडवं एक तृतीयांशाने फुगतं. बहिणीचा एक्सेलमधला पाय चार्ट भाकरीसारखा गोल हवा, तो लंबगोल होतो, आणि माणसांचे चेहरे तर विचारूच नका.

केबल मॉनिटरच्या खोक्यातली वापरा. व्हीजीएचा, त्या जुन्या स्क्रूवाल्या प्लगचा, विचार सोडा.

नवा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा. कंपनीच्या साइटवर असेल तर तोच पहिला. नसेल तर इंटेलचा, पण झिप स्वरूपातला, कारण इन्स्टॉलर नकार देतो तेव्हा झिप उलगडून डिव्हाइस मॅनेजरमधून ‘हॅव डिस्क’च्या वाटेने आत शिरता येतं. हे मला घणसोलीहून परतल्यावर कळलं. दुसऱ्या पिढीचा, एचडी ३००० वाला लॅपटॉप विंडोज १० वर असेल तर त्यासाठी इंटेलने विंडोज १० चा ड्रायव्हर काढलेलाच नाही, आधीच्या विंडोजचाच धकवून चाललेला असतो. अशा यंत्राला तर मी सांगतोय तो बॅकअप घेतल्याशिवाय बोटही लावू नका. घेतलात का? नाही ना? मग आधी तो घ्या.

रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोजला मागच्या स्थितीत नेणारी खूण, तीही करा, पण त्यावर विसंबू नका. विंडोज १० मध्ये सिस्टम प्रोटेक्शन पुष्कळदा बंदच असतं आणि आपल्याला वाटत राहतं की पॉइंट आहेत. माझे नव्हते. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या सामानावर चालू करण्याच्या अवस्थेत, जायची वेळ आलीच तर पिन चालेलच असं नाही, म्हणून खात्याचा खरा पासवर्ड माहीत हवा. बहिणीला तो आठवत नाही हे मला आत्तापासून माहीत आहे, तेव्हा तिला शनिवारीच फोन. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर. चार्जर लावून ठेवा. जुन्या बॅटरीवर आणि दुपारच्या विजेवर भरवसा ठेवून ड्रायव्हर बदलायला बसू नये.

मग इंटरनेट बंद. वायफाय बंद आणि राउटरची वायर असेल तर तीही काढा. नाहीतर तुम्ही जुना काढून नवा घालेपर्यंत विंडोज मधल्या मधे स्वतःच्या मनाचा ड्रायव्हर बसवून मोकळं होतं आणि तुम्ही कशाची चाचणी घेताय हेच कळत नाही. जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज आहेत, तिथेही ‘नो’ करा.

प्रत्यक्ष बदलताना आधी जुन्यावरच नवा चढवून बघा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. इंटरनेटवर सगळे ते ड्रायव्हर मुळापासून उपटणारं हत्यार, डीडीयू, लगेच हातात घ्यायला सांगतात. मी म्हणतो शेवटचा उपाय म्हणून, सेफ मोडमध्ये, आणि पेनड्राइव्ह समोर टेबलावर दिसत असेल तरच. पेनड्राइव्हवर काय आहे? जुना ड्रायव्हर. बरोबर.

नव्या ड्रायव्हरनंतरही यादीत २५६० बाय १०८० दिसलं नाही तर इंटेलच्या ग्राफिक्स पॅनेलमध्ये कस्टम रिझोल्यूशन आहे, तिथे आकडे हाताने घाला. बँडविड्थच्या बाहेर जातंय असं म्हणालं तर साठच्या जागी पन्नास. रिझोल्यूशन बदलल्यावर स्क्रीन काळी झाली तर घाबरून कुठलंही बटण दाबू नका, पंधरा सेकंदांत विंडोज स्वतःच मागे येतं. नाही आलं तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम. तरीही नाही तर लॅपटॉप बंद करून मॉनिटर काढून चालू. त्यानंतर पेनड्राइव्ह: डिव्हाइस मॅनेजर, अपडेट ड्रायव्हर, ‘माझ्या कॉम्प्युटरवर शोधा’, तिथे यादीतून निवडायचा पर्याय, मग ‘हॅव डिस्क’, आणि त्या फोल्डरकडे बोट.

बाकी किरकोळ. कडा कापल्या गेल्या तर मॉनिटरच्या मेनूत ओव्हरस्कॅन बघा. अक्षरं बारीक वाटली तर स्केलिंग वाढवा. लॅपटॉप मिटल्यावर झोपू नये ही सेटिंग. सगळं नीट दिसलं की एकदा रिस्टार्ट, नव्या ड्रायव्हरच्या आवृत्तीचाही फोटो, मग वायफाय चालू, आणि तासाभराने पुन्हा आवृत्तीचा आकडा या नव्या फोटोतल्याशी ताडून बघा की विंडोजने गुपचूप काही बदललं नाही ना.

पेनड्राइव्हवर ‘बहिणीचा जुना ड्रायव्हर, पुसू नये’ अशी चिठ्ठी चिकटवायची आणि तो तिच्याच घरी, लॅपटॉपच्या बॅगेत ठेवून यायचा. ऐरोलीला परत आणायचा नाही.