नंबर येईपर्यंत घरात बसू नका: नागपूरहून स्वीडनला निघालेल्यांसाठी

स्वीडनला निघालेलं कुणीही घरी आलं की पहिला प्रश्न बॅगेचा असतो. गेल्याच आठवड्यात मनीषनगरचं एक जोडपं येऊन गेलं, सोबत चार वर्षांचं लेकरू. त्यांना जे सांगितलं ते इथे नीट मांडते; वर म्हटलेला ‘नंबर’ म्हणजे तिथला सरकारी ओळख क्रमांक, त्याचंही पुढे येतं. आम्ही त्रिमूर्तीनगरचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे ऑगस्ट 2022 ते जून 2025 गोथेनबर्गला राहिलो. गेलो तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती आणि मुलगा अडीच.

सासूबाईंनी खव्याची संत्रा बर्फी, घरचं तूप आणि कढीपत्त्याची जुडी बांधून ठेवली होती. तिन्ही काढून ठेवावं लागलं. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. ताजी फळं, भाज्या, पानं न्यायची तर सरकारी वनस्पती-आरोग्य दाखला लागतो. त्यातून सूट आहे फक्त पाच फळांना: केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन. म्हणजे आपली संत्री इथेच राहतात. सांडगे, कुरडया, पापड, तिखट, काळा मसाला मात्र निश्चिंत न्या. आणि सीताबर्डीवर जाऊन मुलांसाठी जाड जॅकेटं घेऊ नका. त्याचं कारण पुढे सांगते.

बॅगेपेक्षा कागद महत्त्वाचे. विवाह नोंदणीचा दाखला आणि प्रत्येक मुलाचा जन्मदाखला मूळ प्रतीत, इंग्रजीसह आणि अपॉस्टिल (परदेशात चालावं म्हणून सरकारी शिक्का) करून घ्या. महानगरपालिकेच्या जन्मदाखल्यावर बाळाचं नाव भरलेलं आहे का ते आधी बघा. आमच्या मुलाच्या दाखल्यावर ती जागा कोरीच होती आणि निघायच्या तोंडावर पंधरा दिवस त्यात गेले. आईचं नाव दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरं असेल तर तेही इथूनच दुरुस्त करून निघा. आपल्याकडे मुलाच्या नावामागे वडिलांचं नाव येतं. पासपोर्टवर ते मुलाच्या नावासोबत एकाच रकान्यात छापलं असेल तर तिथे ते मुलाचंच दुसरं नाव धरतात. त्यामुळे बालवाडीत पहिल्याच दिवशी हाकेचं नाव कोणतं ते स्पष्ट सांगा.

तिथे पोचल्यावर सगळी गाडी एका नंबरावर अडते. त्याला पर्शूननुम्मर म्हणतात: जन्मतारीख आणि त्यापुढे चार आकडे. एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहणार असाल तर तो मिळतो, आणि देतं तिथलं कर खातं, स्काटेवेर्केट. तिथे अख्ख्या कुटुंबानं जावं लागतं, झोपलेल्या लेकरासकट. पासपोर्ट, निवास परवान्याची कार्डं आणि वरचे दाखले सोबत असू द्या. नंबर आला की ओळखपत्र, ओळखपत्र आलं की बँक खातं, खातं झालं की मोबाइलवरचं डिजिटल ओळखपत्र म्हणजे बँक-आयडी, आणि ते झालं की एकमेकांना पैसे पाठवायचं स्विश. हा क्रम उलटा होत नाही, म्हणून त्यावर भांडण्यात शक्ती घालवू नका. तोवर भारतातलं कार्ड चालतं. रोख पैसे मात्र कमीच न्या, कितीतरी दुकानं ते घेतच नाहीत.

एक चूक आमच्याकडून झाली, ती तुमच्याकडून होऊ नये. तिथे टपाल घराच्या दारावरच्या फटीतून आत टाकतात आणि दारावरचं आडनाव बघून टाकतात. आम्ही पोटभाडेकरू होतो, दारावर घरमालकाचं आडनाव होतं. नंबराचं आमचं पत्र परत गेलं आणि पाचव्या आठवड्यात चौकशी केली तेव्हा कुठे कळलं. पहिल्या दिवशी, चहा करायच्याही आधी, तुमचं आडनाव जाड अक्षरात लिहून दारावर चिकटवा. पत्ता देताना घराचा चार आकडी क्रमांकही विसरू नका.

आता मला खरं जे सांगायचंय ते. हा नंबर यायला काही आठवडे लागतात, आणि बहुतेक कुटुंबं ते आठवडे घरात बसून काढतात. ‘एकदा सेटल होऊ दे, मग फिरू’ असं म्हणतात. मीही पहिले दहा दिवस तेच केलं. मुलगी खिडकीशी बसून रोज विचारायची, आपण घरी कधी जायचं? अकराव्या दिवशी मी दोघांना घेऊन ट्राममध्ये बसले आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत गेले. त्या दिवसापासून आमचं तिथलं राहणं सुरू झालं. गाव पाहिल्याशिवाय गावात जीव रमत नाही, आणि गाव पाहायला कुठलाही नंबर लागत नाही.

पद्धत साधी आहे. दर शनिवारी एक ट्राम घ्यायची आणि तिच्या शेवटच्या स्टॉपला उतरायचं. तिकीट वेस्टट्राफिक या तिथल्या वाहतूक कंपनीच्या ॲपवर भारतीय कार्डानं निघतं, लहान लेकरांना ते लागत नाही. डबा घरचा न्यायचा. आमचा बहुतेक वेळा पोळीचा रोल आणि उकडलेली अंडी. एक लक्षात ठेवा, घोषणेत गोथेनबर्ग ऐकू येणार नाही. तिथले लोक आपल्या शहराला ‘योतेबोरी’ म्हणतात.

पहिला शनिवार 11 नंबरच्या ट्रामला द्या. ती साल्टहोल्मेनला समुद्राशी जाऊन थांबते. तिथून दक्षिणेकडच्या बेटांना बोटी सुटतात आणि ट्रामचं तिकीटच बोटीत चालतं. ब्रेन्नो, स्तीर्सो, व्रोंगो अशी बेटं आहेत. त्यांच्यावर मोटारगाड्या नाहीत. माणसं पायी, सायकलनं किंवा सामानाच्या तीनचाकी मोपेडवर फिरतात. नागपूरहून समुद्र किती लांब! आमच्या मुलांनी तो पहिल्यांदा पाहिला तो तिथे. छोटं मूल असेल तर आधी ब्रेन्नो करा, अंतर कमी आहे. व्रोंगो सर्वांत दक्षिणेला; तिथे खडकांमधून पायवाट जाते आणि वारा जोराचा असतो. परतीच्या बोटीची वेळ उतरतानाच बघून ठेवा, कारण एक चुकली तर पुढचीसाठी बराच वेळ थांबावं लागतं.

दुसरा शनिवार स्लॉट्सस्कूगेन. 1874 पासूनचा हा मोठा बाग आहे, फुकट. आत सील, पेंग्विन आणि एल्क नावाचं घोड्याएवढं हरीण आहे. मुलांना मी नागपूरच्या महाराजबाग प्राणिसंग्रहालयाची आठवण काढून तिथे नेलं आणि पुढच्या तीन वर्षांत किमान पन्नासदा गेलो असू. प्लिक्टा नावाच्या खेळाच्या मैदानात खेळण्यासाठी बनवलेला एक मोठा देवमासा आहे, त्याच्या आजूबाजूला लेकरं चढतात-उतरतात. माझी पहिली स्वीडिश मैत्रीण मला तिथेच भेटली, दोघींच्या मुलांना एकच फावडं हवं होतं म्हणून. रस्त्याच्या पलीकडे 1923 मध्ये उघडलेलं वनस्पती उद्यान आहे, पण दोन्ही एकाच दिवशी करू नका, लेकरं थकतात.

हागा ही जुनी वस्ती तिसऱ्या शनिवारी. तिथली घरं बघताना खालचा मजला दगडविटांचा आणि वरचे दोन लाकडाचे दिसतील. आगीच्या भीतीनं लाकडाचे दोनच मजले बांधायची परवानगी होती, त्यावर काढलेली ही तोड. थाळीएवढे दालचिनीचे बन इथे मिळतात, एक चौघांना पुरतो. पोरांच्या पायात जोर असेल तर मागच्या टेकडीवर स्कान्सेन क्रोनान हा जुना बुरूज आहे, वरून सगळं गाव दिसतं. पाऊस असेल, आणि गोथेनबर्गला तो असतोच, तर शहराचं संग्रहालय धरा. 1731 मध्ये स्थापन झालेल्या स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीच्या इमारतीत ते आहे. नदी पार करायची हौस असेल तर स्टेनपीरेन ते लिंडहोल्मेन बोट फुकट आहे. आमच्या मुलाला त्या एका बोटीवर सलग चार फेऱ्या मारायच्या असत.

लिसेबेरी हे मोठं करमणूक उद्यान पहिल्या महिन्यांत टाळलं तरी चालेल. चांगलं आहे, पण खर्चाचं आहे, आणि एका दिवसात संपतं. पॅरिस आणि लॅपलँडही पळून जात नाही. पहिल्या वर्षी एकच गाव पूर्ण बघा.

बालवाडीचं तिथलं नाव फोशकूला. नगरपालिकेकडे अर्ज केल्यावर चार महिन्यांच्या आत जागा देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, म्हणून नंबर आल्याच्या दिवशीच अर्ज टाका. सुरुवातीला एक-दोन आठवडे आईनं किंवा बाबांनी मुलासोबत तिथे बसायचं असतं. ती रजा नवऱ्यानं आधीच कामावर सांगून ठेवली पाहिजे. तिथे अक्षरं गिरवून घेत नाहीत. इथून आजोबा फोनवर विचारायचे, पोरगी अजून ए-बी-सी-डी काऊन लिहीत नाही? मी सांगायचे, ती झाडावर चढते, भांडण बोलून मिटवते, स्वतः ताटात वाढून घेते. सहाव्या वर्षी शाळेचा वर्ग सुरू झाला आणि दीड वर्षात ती दोन भाषा वाचू लागली. तुम्ही घाई करू नका. मात्र घरी मराठीच बोला. शाळेत गेल्यावर मातृभाषेच्या तासासाठी अर्ज करता येतो. नगरपालिकेत पाच मुलं आणि एक शिक्षक मिळाला तर मराठीचाही वर्ग होऊ शकतो. म्हणून इतर मराठी घरांना शोधून सगळ्यांनी मिळून अर्ज करा.

आता कपडे. लेकरं तिथे रोज बाहेर खेळतात, पावसातसुद्धा. त्यासाठी रबरासारखी जलरोधक पँट-जॅकेट, आत लोकरीचा थर, हिवाळ्यात अंगभर एकसंध ओव्हरऑल, आणि हातमोज्यांचे किमान दोन जोड लागतात. हे सगळं तिथेच घ्यायचं, आणि जुन्या वस्तूंच्या दुकानातून. मुलं एका हंगामात वाढतात, त्यामुळे जवळजवळ नवे कपडे कमी दरात मिळतात. नागपूरचं जॅकेट 10 अंशांना पुरतं. तिथल्या ओल्या वाऱ्यात ते भिजतं आणि लेकरू कुडकुडतं.

मूल आजारी पडलं तर नोकरी करणाऱ्या पालकाला घरी राहण्याचा हक्क आहे आणि पगाराच्या जवळपास 80 टक्के रक्कम एका मर्यादेपर्यंत सामाजिक विम्यातून मिळते. तब्येतीच्या कुठल्याही शंकेला आधी 1177 हा आरोग्य सल्ल्याचा फोन लावा. साध्या तापाला डॉक्टर घरी थांबायला, पाणी पाजायला सांगतात. पहिल्यांदा मला फार राग आला होता. आता वाटतं, त्यांनी मला ताप बघायला शिकवलं.

स्वयंपाकाची काळजी नको. डाळ, कणिक, पोहे आशियाई दुकानात मिळतात. आपला सांभार, म्हणजे कोथिंबीर, तिथे कुंडीतच विकतात, खिडकीत ठेवला की आठवडाभर पुरतो. फिलम्योल्क हे तिथलं पातळ दही घुसळून ताक होतं आणि क्वार्ग या घट्ट चक्क्यासारख्या पदार्थात साखर-वेलदोडा घातला की श्रीखंड. वेलदोडा तर त्यांच्या बनमध्येही असतो. बेकरीवरून जाताना मुलगी म्हणायची, आजीच्या घरासारखा वास येतोय.

नोव्हेंबर ते जानेवारी अवघड असतात. डिसेंबरमध्ये सूर्य नऊच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनच्या आत मावळतो. त्या दिवसांत फिरणं बंद करू नका, फक्त वेळ बदला: अकरा ते दोन बाहेर, मग घर. मुलांच्या जॅकेटवर चमकणाऱ्या पट्ट्या लावा, म्हणजे गाडीवाल्याला दिसतील. ड जीवनसत्त्वाबद्दल आरोग्य केंद्रात विचारा. खिडक्याखिडक्यांत कागदी तारे आणि दिवे लागतात, 13 डिसेंबरला लुसियाचा सण येतो, मुलं डोक्यावर दिव्यांचे मुकुट घालून गातात. नाताळात तिथले लोक संत्र्याला लवंगा टोचून घरात टांगतात. नागपूरच्या माणसाला ते बघून गलबलून येतं.

उन्हाळ्यात जंगल. तिथे कुणाच्याही मालकीच्या रानात हिंडायचा हक्क सगळ्यांना आहे. घरांजवळ जायचं नाही, पिकं तुडवायची नाहीत, कचरा मागे ठेवायचा नाही, कोरड्या दिवसांत आगीवर बंदी असेल तर चूल पेटवायची नाही. डेल्शोन तलावाभोवती जुलै-ऑगस्टमध्ये जांभळ्या ब्लूबेरी लागतात. मुलांच्या हाती एकेक डबा द्या आणि बसा. मशरूम जाणकारासोबतच तोडा. घरी आल्यावर मुलांच्या काखा, गुडघ्यांमागची जागा, केसांची मुळं गोचिडांसाठी तपासा.

आजी-आजोबांना बोलवायचं ते मे महिन्यात, नागपूर 45 अंशांवर तापलेलं असताना. भेटीचा शेंगेन व्हिसा जास्तीत जास्त 90 दिवसांचा, आणि प्रवास विमा किमान 30,000 युरोचा लागतो. जूनमध्येही त्यांच्यासाठी गरम कपडे न्या आणि झोपायच्या खोलीला काळे पडदे लावा, कारण सूर्य रात्री सव्वादहापर्यंत असतो. माझ्या सासूबाई पहिल्या दिवशी दिवेलागणीची वाट बघत बसल्या, नऊ वाजले तरी अंगणात ऊन. मग आम्ही स्वयंपाकघरात दुसरं घड्याळ लावलं, नागपूरच्या वेळेचं. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेचारचा. त्या घड्याळात सात वाजले की त्या देवाजवळ दिवा लावत, तिथल्या दुपारी साडेतीनला, आणि मग आम्ही सगळे ट्रामसाठी निघायचो.