लिफ्ट केलेल्या पिकअपमध्ये बाईक चढवताना

अमेरिकेत नव्याने आलेल्यांची पहिली बाईक बहुधा सेकंडहँड असते. लायसन्सवर मोटरसायकलची परवानगी, विमा आणि नोंदणी जमेपर्यंत ती स्वतः चालवत घरी आणता येत नाही, म्हणून ट्रक लागतो. ओळखीत कोणाकडे तरी पिकअप असतोच आणि बरेचदा तो लिफ्ट केलेला, म्हणजे सस्पेंशन उचलून ३३ किंवा ३५ इंची टायर घातलेला असतो. दिसायला दणकट, पण बाईक चढवायला याच्याइतकी गैरसोयीची गाडी नाही. आपल्याकडे टेंपोत चौघांनी मिळून बाईक उचलून ठेवतात, तसा विचार इथे करू नका. २०० किलोचा बोजा कमरेच्या वर उचलताना एकाचा हात निसटला की बाकीच्यांच्या पाठी आणि पाय धोक्यात येतात.

मित्राला हो म्हणण्याआधी टेप लावा. फाळका उघडून जमिनीपासून त्याच्या कडेपर्यंतची उंची मोजा. मूळ ट्रकची ती साधारण ३४ ते ३६ इंच असते, लिफ्टनंतर सहज ४० ते ४४ होते. ४२ इंचांना ८ फुटी रॅम्प लावला तर चढ सुमारे २६ अंशांचा होतो आणि २०० किलोच्या बाईकला नुसती धरून ठेवायलाच जवळजवळ ८८ किलोचा जोर लागतो. तीच उंची २४ इंचांवर आणली तर तोच रॅम्प १४-१५ अंशांवर येतो आणि जोर ५० किलोंवर. १० फुटी रॅम्पने ४२ इंचांवरही कोन २० अंशांच्या आसपासच राहतो. म्हणून रॅम्पच्या लांबीवर पैसे खर्च करण्याआधी जमीन शोधा: ट्रकची मागची चाकं खोलगट जागेत, उथळ चरात किंवा उताराच्या पायथ्याशी उभी करा आणि रॅम्पचा पाय वरच्या बाजूच्या जमिनीवर टेका. साध्या फूटपाथच्या कडेनेही सहा-एक इंच वाचतात. हँडब्रेक ओढा, गिअर पार्कमध्ये ठेवा आणि चाकांना अडण लावा.

उभ्या चढाची दुसरी अडचण वरच्या टोकाला येते. पुढचं चाक हौद्यात आणि मागचं रॅम्पवर असताना बाईकचं पोट, म्हणजे एक्झॉस्ट किंवा इंजिनखालचं कवच, फाळक्याच्या कडेवर टेकतं आणि बाईक तिथेच अडकते. खाली बसकी क्रूझर असेल तर हे होणारच, असं धरून चाला. कमानदार रॅम्प यासाठीच असतात. आणखी एक आकडा नीट वाचा: रॅम्प जोडीने विकले जातात तेव्हा छापलेली वजनक्षमता बहुधा दोघांची मिळून असते. बाईक एकाच रॅम्पवरून जाते, म्हणजे अर्धी धरा.

रॅम्प ट्रकला बांधल्याशिवाय बाईक हलवू नका. मागचं चाक इंजिनच्या जोरावर चढतं तेव्हा ते रॅम्पला मागे ढकलतं आणि वरचं ओठ फाळक्यावरून सुटतं. रॅम्पच्या वरच्या टोकापासून हिचवरच्या (ट्रकच्या मागे ट्रेलर जोडायच्या सांगाड्यावरच्या) साखळीच्या कड्यापर्यंत पट्टा घट्ट ताणा.

बसून चढवण्याचा मोह टाळा; एवढ्या उंचीवर बाईक कलली तर पाय टेकायला खाली काही नसतं. बाईकच्या डाव्या बाजूने चाला, इंजिन चालू, पहिला गिअर, क्लच अर्धवट. स्वतःसाठी शेजारी दुसरा रॅम्प लावा, नाहीतर अर्ध्या वाटेत बाईक वर आणि तुम्ही खाली राहाल. मदतनीस उजवीकडून तोल सांभाळेल. बाईकच्या थेट मागे कोणी उभं राहायचं नाही. ३५० किलोच्या टूरिंग बाईकसाठी हा मार्गच नको. त्यासाठी यू-हॉल या भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीचा मोटरसायकल ट्रेलर घ्या, त्याचं तळ जमिनीलगत असतं. मात्र लिफ्ट केलेल्या ट्रकला खाली उतरणारा हिच माउंट लागतो. ट्रेलरचं नाक वर राहिलं की वजन मागे सरकतं आणि वेगात ट्रेलर डोलायला लागतो.

बांधायला किमान चार पट्टे. पट्ट्यावर वजनाचे दोन आकडे असतात: ज्याला तो तुटतो तो आणि कामाचा, म्हणजे सुरक्षितपणे झेपणारा. कामाचा साधारण एक तृतीयांश असतो आणि तोच धरायचा. पुढचे दोन पट्टे मऊ लूप (कापडी फासा) घालून फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या स्प्रिंगच्या नळ्यांच्या, खालच्या क्लॅम्पला लावा, हँडलच्या टोकांना नाही, कारण ताणाने हँडल फिरतं. पट्टे पुढे आणि बाहेर अशा कोनात ओढा. फोर्क तिसरा हिस्सा ते अर्धा दबला की थांबा. सैल राहिला तर खड्ड्यात फोर्क आणखी दबतो, पट्टा ढिला पडतो आणि हुक निसटतो. बांधताना साइड स्टँड वर हवा. मागचे दोन पट्टे फक्त मागचं टोक बाजूला सरकू नये म्हणून.

बाईक साधारण ७ फूट लांब आणि आखूड हौदा साडेपाच फुटांचा, त्यामुळे फाळका बहुधा उघडा राहतो. मागचं चाक त्यावर येणार असेल तर फाळक्याची क्षमता ट्रकच्या पुस्तिकेत पाहा. बाहेर आलेल्या मालाला लाल झेंडा कधी लागतो, हे राज्याराज्यात बदलतं. मागचा कॅमेरा फाळक्यात असेल तर तो आता खाली रस्त्याकडे बघतोय, हे रिव्हर्स घेताना लक्षात ठेवा.

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर माणसं आणि सामान मिळून वजनाची मर्यादा छापलेली असते. लिफ्टने ती वाढत नाही. उलट किटचं आणि मोठ्या टायरचं जादा वजन त्यातूनच जातं. आधीच उंच ट्रकवर बाईकचं वजन आणखी वर येतं, म्हणून हायवेच्या गोल एक्झिटवर नेहमीपेक्षा बराच वेग कमी करा. पहिल्या १०-१५ मैलांनंतर थांबून पट्टे पुन्हा ताणा.

उतरवताना आधी साइड स्टँड खाली करा, मग पुढचा उजवा पट्टा सोडा; बाईक डावीकडे स्टँडवर कलते. डावा आधी सोडलात तर ती उजवीकडे, स्टँड नसलेल्या बाजूला पडते. हातात पक्की धरल्यावरच स्टँड मिटा. रॅम्पवरून ती मागे उतरत असते तेव्हा भार मागच्या चाकावर असतो आणि पुढचा ब्रेक दाबला तरी चाक घसरतं. इंजिन बंद, पहिला गिअर, आणि क्लच हळूहळू सोडत-दाबत मागच्या चाकालाच ब्रेक म्हणून वापरा.